खटक्याचे आणि बिनखटक्याचे

माझ्या जुन्या रेसिंग सायकलचे गेअर बदलायचे दांडे हँडलवर नाहीत, फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर आहेत. एक हात सोडून वाकावं लागतं. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे धाडसच, पण उपवनहून येऊरच्या चढाला लागलं की मजा कळते. चेन मागच्या मोठ्या चकतीवर चढेपर्यंत दांडा हळूच ओढायचा. करकर ऐकू आली तर केसभर मागेपुढे. मात्र त्याचा स्क्रू ढिला असेल तर डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग दांडा परत खेचते आणि ऐन चढावर गेअर आपोआप जड होतो. तेव्हा तोंडातून काय निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा दांडा बिनखटक्याचा, म्हणजे हवा तिथे थांबवता येणारा. त्याला मागे पाच चकत्या आहेत की आठ, याच्याशी देणंघेणं नसतं. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ साली ड्युरा-एस या आपल्या रेसिंगच्या भागांच्या संचात खटक्याचे शिफ्टर, म्हणजे दर खटक्याला एक गेअर बदलणारे दांडे, आणले आणि जुळवाजुळवीची भानगड सुरू झाली. आता एका खटक्याला केबल ठरावीकच ओढली जाणार. त्यांच्या आठ चकत्यांच्या शिफ्टरमध्ये ती साधारण २.८ मिलीमीटर. डिरेलर त्याचे १.७ पट करतो, म्हणजे चेन पावणेपाच मिलीमीटर सरकते. आठच्या कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या संचात) दोन चकत्यांतलं अंतर ४.८, त्यामुळे जमतं. सातमध्ये ते ५. तेही चालून जातं. नऊमध्ये मात्र ४.३५! एखाददुसरा गेअर नीट पडतो, पुढे चेनचा त्रिशंकू. त्यात त्या पहिल्या ड्युरा-एसचा तोरा वेगळाच: त्याच्या शिफ्टरला डिरेलर त्याच घराण्यातला लागतो, शिमानोचाच दुसरा चालत नाही.

नौपाड्यातल्या आमच्या सायकलवाल्या काकांपुढे मी हे सगळं गणित मांडलं. सायकल स्टँडवर उलटी टांगलेली, काकांचे हात ग्रीसने काळे.

"आठचीच कॅसेट घालायचीय ना? आणि दांडा हाच ठेवायचाय?"

"हो."

"मग एवढे आकडे कशाला, साहेब? याला खटका आहे कुठे?"

खरंच होतं. आकड्यांची गरज निघाली ती भलतीकडेच. जुन्या फ्रेममध्ये मागच्या चाकाची जागा १२६ मिलीमीटर, आठच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हवी १३०. काकांनी फ्रेमचे दोन्ही पाय हाताने ताणून पाहिले आणि म्हणाले, "स्टील आहे, बसेल."