गोल्फ शूजच्या सोलचं डिझाईन रजिस्टर केलं, माझा अनुभव

मी फ्रीलान्स फुटवेअर डिझाईन करतो, जास्तकरून सोल. यावेळचं काम गोल्फ शूजच्या सोलचं होतं, स्पाइकलेस, म्हणजे वेगळे स्पाइक (पाय घसरू नये म्हणून तळाला लावायचे खुंट) न बसवता रबरातच उठाव दिलेला. २०१० च्या मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेत गोल्फर फ्रेड कपल्स एक्को कंपनीचे तसले शूज घालून खेळला आणि तेव्हापासून हा प्रकार जोरात चालला. आमच्यासाठी ते फार बरं झालं, कारण स्पाइक बसवायची भोकं (सॉकेट) गेली की अख्खा तळ काढायला मोकळा मिळतो.

स्विंग घेताना पाय पंजावर फिरतो. म्हणून मी पंजाखाली एक छोटा सपाट गोल ठेवला आणि त्याच्याभोवती वळत वळत कडेला जाणाऱ्या खाचा काढल्या, टाकी लावलेल्या जात्यासारख्या. टाचेकडे येईपर्यंत त्या सरळ होतात आणि मधली कमान पूर्ण गुळगुळीत. सँपल हातात आलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता उलटा धरून बघत बसलो होतो.

रजिस्ट्रेशन का, तर कॉपीराइट कायद्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. रजिस्टर होऊ शकणारं डिझाईन तुम्ही रजिस्टर केलं नाहीत आणि त्याचे कारखान्यात ५० पेक्षा जास्त नग निघाले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. ५० नग म्हणजे सोलच्या धंद्यात काहीच नाही हो! आणि अर्जाच्या आधी डिझाईन देशात किंवा बाहेर कुठेही प्रसिद्ध झालं तर नावीन्य गेलं आणि मग ते रजिस्टर होत नाही, त्यामुळे बायर रोज फोटो मागत होता तरी अर्ज जाईपर्यंत मी एकही पाठवला नाही.

अर्ज फॉर्म १ वर, ऑनलाइन. एकट्या माणसाला फी १००० रुपये. तपासणी कोलकात्याच्या डिझाईन ऑफिसात होते. अर्जात वस्तूचा वर्ग लिहावा लागतो, माझा क्लास ०२-०४, फुटवेअर. सोल सुटा बनतो आणि सुटा विकला जातो म्हणून नुसत्या सोलसाठी अर्ज चालतो, कायद्यात वस्तूच्या सुट्या विकता येणाऱ्या भागाची तशी सोय आहे.

खरा वेळ गेला तो चित्रांत. समोर, मागे, डावी, उजवी, वरून, खालून आणि एक तिरका व्ह्यू. खालच्या व्ह्यूत जेवढ्या खाचा कडेपर्यंत येतात तेवढ्याच बाजूच्या व्ह्यूत दिसल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक खाच बोट ठेवून मोजली. लोगो कुठेच ठेवला नाही, कारण ट्रेडमार्क डिझाईनमध्ये धरत नाहीत.

मग तपासणीचा रिपोर्ट आला, की या खाचा ग्रिपसाठी आहेत, मग हे डिझाईन कसं? प्रश्न बरोबरच आहे आणि सोलवाल्यांनी नीट लक्ष द्यायची जागा हीच. डिझाईन कायदा, २००० मध्ये डिझाईन म्हणजे फक्त डोळ्यांनी पारखायचं रूप, आकार, नक्षी, रेषा. यंत्रासारखं काम करणारी रचना त्यात येत नाही. मी उत्तरात ग्रिपबद्दल एक शब्दही लिहिला नाही. बाजारातले वेगवेगळे स्पाइकलेस सोल शेजारी शेजारी लावून दाखवले, कुठे षटकोन, कुठे ठिपके, कुठे तिरप्या पट्ट्या, म्हणजे गवतावर पाय धरायला हजार नक्षी चालतात आणि मी मागतोय ती फक्त ही एक, तिच्या दिसण्यापुरती. डिझाईनमध्ये नवीन काय ते सांगणारं नावीन्याचं वाक्य अर्जात असतं, त्यातही तेवढंच: चित्रात दाखवलेल्या सोलच्या तळाची नक्षी आणि आकार. उत्तराला मुदत अर्जाच्या तारखेपासून ६ महिन्यांची असते, रिपोर्टच्या तारखेपासून नाही, हे लक्षात ठेवा.

ते मान्य झालं आणि सर्टिफिकेट आलं. हक्क १० वर्षांचा, तारीख अर्जाचीच, मुदत संपायच्या आत अर्ज केला की आणखी ५ वर्षं.

आता विक्रीला जाणाऱ्या मालावर आरडी (म्हणजे रजिस्टर्ड) आणि रजिस्ट्रेशनचा नंबर टाकायचा आहे, तो नसेल तर नक्कल करणाऱ्याकडून भरपाई मागताना अडचण येते. खाचांमध्ये अक्षरं घुसवायला माझा जीव धजेना, म्हणून मोल्डवाल्याला सांगून नंबर कमानीतल्या गुळगुळीत जागेत घेतलाय, बारीक पण वाचता येईल असा. पहिला लॉट याच मोल्डमधून निघतोय.