सव्वीस नंबर अडली

वाळवा तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात होते तेव्हा रात्री दोनला फोन वाजायचा. "मॅडम, म्हैस अडलीया." मग मोटारसायकलवर मागे बसून गोठा गाठायचा, खांद्यापर्यंत हात घालून रेडकाचा मुडपलेला पाय चाचपून सरळ करायचा. त्या कामाचा मला गर्व होता, अजून आहे. नवऱ्याच्या नोकरीमागे ओहायोत आल्यावर मात्र माझी पदवी सुटकेसमध्ये राहिली. इथल्या परवान्याच्या परीक्षा पार होईपर्यंत मी साप वाढवून विकणाऱ्या एका मालकाकडे ताशी पगारावर सापांना उंदीर घालते.

साप म्हणजे बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतला, आपल्या अजगराचा बुटका चुलतभाऊ. चार-पाच फुटांच्या वर सहसा जात नाही, आणि घाबरला की चेंडू होऊन डोकं आत दडवतो. आमच्याकडे दोनशेच्या आसपास माद्या आहेत. रॅकमध्ये ड्रॉवरसारखे टब, मागच्या बाजूला गरम पट्टी, प्रत्येक टबावर एक कार्ड. हा धंदा निम्मा त्या कार्डावर चालतो: वजन, नर कधी सोडला, कात कधी टाकली, उंदीर खाल्ला की नाकारला. माझ्याबरोबर काम करणारा पोरगा सगळ्या कार्डांवर 'खाल्ला' लिहून मोकळा होतो आणि मग पाण्याच्या भांड्यामागे गारठलेला उंदीर मला सापडतो. त्याचं अर्धं लक्ष मोबाइलवर सापांचे व्हिडिओ काढण्यात.

नोव्हेंबरात रात्रीचं तापमान थोडं उतरवलं की नर सोडायला सुरुवात होते. दोन-तीन दिवस ठेवायचा, काढायचा, पुन्हा सोडायचा. इथे गाभ तपासायला खांद्यापर्यंत हात लागत नाही. मादीला उचलायचं, पोटाखाली अंगठा धरायचा आणि तिला त्यावरून सावकाश सरकू द्यायचं. फॉलिकल, म्हणजे अंडाशयात तयार होणारे बलकाचे गोळे, वाढत असतील तर बोटाखालून बोरांची माळ गेल्यासारखं वाटतं. मालकाकडे सोनोग्राफीचं छोटं यंत्र आहे, तो पडद्यावर मिलिमीटर मोजत बसतो. मी आधी अंगठ्याने सांगते, मग त्याचा आकडा येतो. बहुतेक वेळा जुळतो. एवढ्या एकाच गोष्टीत इथे मला डॉक्टरीण असल्यासारखं वाटतं.

खाण्याचं गणित मात्र आपल्याकडच्या उलट. आपल्याकडे पोरीला दिवस गेले की "दोन जिवांची आहेस, खा" सुरू होतं. बॉल पायथनची मादी मोसमाच्या सुरुवातीला अधाशासारखी खाते, कारण पिवळा बलक त्यातूनच बनायचा असतो. मग फॉलिकल मोठे झाले की एक दिवस उंदराकडे पाठ फिरवते. पाण्याच्या गार भांड्याला विळखा घालून पडून राहते. पुढे अंडी पोटात भरली की कधी उताणीच झोपते. मोकळ्यावर असती तर अंडी घातल्यावरही त्यांना वेटोळं घालून दोन महिने उपाशी बसली असती. म्हणून नवशिके पाळणारे महिनोन्महिने घाबरून फोन करतात, "खात नाही, मरेल का?" नाही मरत. भरल्या अंगाच्या मादीला चार-पाच महिन्यांचा उपास काहीच नाही.

सव्वीस नंबरने हा नियम पाळला नाही.

नऊ फेब्रुवारीला तिचं ओव्ह्युलेशन, म्हणजे ते गोळे अंडाशयातून सुटताना, मी स्वतः पाहिलं. अंगाचा मधला भाग असा फुगतो की जणू नारळ गिळलाय, आणि दुसऱ्या दिवशी ओसरलेला असतो. त्यामुळे ते नेमकं दिसणं नशिबाची गोष्ट. तिच्या रांगेतल्या सगळ्या जानेवारीपासून बंद होत्या. ही मात्र संध्याकाळ झाली की टबाच्या तोंडाशी नाक लावून बसायची. मालक म्हणाला, मागते तर दे. चौदाला दिला, एकवीसला दिला, एक मार्चला दिला, आठला दिला. मधल्या मापाचे, शंभर-सव्वाशे ग्रॅमचे. अशा दिवसांत द्यायचाच तर लहान द्यावा, हे मला माहीत होतं. पण लहान उंदीर गिळून ती पुन्हा चिमट्याकडे बघायची, आणि मला वाळव्यातली माझी आजी आठवायची, जिने कुणालाही एका भाकरीवर उठू दिलं नाही. कार्डावर चारही नोंदी माझ्याच अक्षरात आहेत. वजन दोन हजार चारशे पन्नास. मालक पाहुण्यांना मुद्दाम तिचाच टब उघडून दाखवायचा.

सव्वीस फेब्रुवारीला तिने कात टाकली. त्यानंतर महिन्याभराने अंडी, हा साधारण हिशेब. तीस मार्चला सकाळी टब ओढला तर ती पाच अंड्यांवर वेटोळं घालून बसलेली. पांढरी, चामडी कवचाची, नव्वद-नव्वद ग्रॅमची. अंधारात टॉर्च लावली तर लाल शिरांचं जाळं सगळ्यांत दिसलं. अंडी वर-खाली न फिरवता, होती तशीच व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे ओल धरणाऱ्या खनिजाच्या चुऱ्याच्या, डब्यात ठेवून इनक्युबेटरमध्ये गेली. मादीला कोमट पाण्याने धुतलं, टब धुतला. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेलाच कवटाळून बसते आणि खायचं नाव घेत नाही. धुताना हाताला लागलं. शेपटीच्या वर वीतभर अंतरावर एक गाठ. सहावं.

सगळी अंडी एका रात्रीत, काही तासांत बाहेर पडायला हवीत. राहिलेलं एखादं दिवसभरात येतंही. म्हणून तिला उबदार, ओलसर डब्यात ठेवलं आणि वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी गाठ जिथल्या तिथे. मालक म्हणाला, "दाबून काढ, मी वीस वर्षं काढतोय." मी नाही म्हणाले. म्हशीच्या पोटातही जोर कधी लावायचा आणि कधी हात काढून घ्यायचा हेच शिकायला वर्षं जातात. इथे तर अंडनलिका ओल्या कागदासारखी, अंडं भिंतीला चिकटलेलं असलं तर दाबताना तीच फाटते. आमचं बरंच वाजलं. मालक वाईट माणूस नाही, उपचाराचे पैसे त्याने कुरकुर न करता दिले. पण वीस वर्षांत दाबून किती माद्या आतून फाटल्या हे त्याच्या कार्डांवर नाही, कारण मेलेल्या सापाचं कार्ड तो टाकून देतो.

तिसऱ्या दिवशी सव्वा तासावरच्या डॉक्टरकडे उशीच्या अभ्र्यात घालून मीच नेली. कळा आणणारं ऑक्सिटोसिन सापांवर फारसं चालत नाही, गाठ वर असल्यामुळे खालून हातही पोचेना. भूल देऊन त्याने पोटाकडच्या खवल्यांच्या मधून जाड सुई थेट अंड्यात घातली आणि बलक ओढायला लागला. घट्ट, श्रीखंडासारखा. सिरिंज पुन्हा पुन्हा अडत होती. मी साप धरून उभी होते. बोटं शिवशिवत होती, पण परवाना त्याच्याकडे होता. माझ्याशी तो कर्मचाऱ्याशी बोलावं तसं सावकाश, सोप्या शब्दांत बोलत होता. माझं शिक्षण मी सांगितलं नाही. का, ते मलाही ठाऊक नाही.

निघताना विचारलंच. जास्त खाल्ल्यामुळे झालं का? तो म्हणाला, चरबी हे एक कारण असू शकतं. टबात पडून सैल झालेले स्नायू, अंगात कमी पडलेलं पाणी, वेडंवाकडं अंडं, हीही असू शकतात. वयाचं विचारलं तर ती फक्त आठ वर्षांची. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली बासष्ट वर्षांच्या बॉल पायथनने नराशिवाय सात अंडी घातली होती, तिथे आठ म्हणजे काय.

दुसऱ्या रात्री चुरगळलेल्या पिशवीसारखं कवच आपोआप बाहेर आलं. पाचही अंडी सत्तावन्नाव्या दिवसापासून फुटली. पिल्लांचे रंग बघून मालकाने आधी किमती सांगितल्या, मग मादीची चौकशी केली. गिऱ्हाइकंही तशीच. रंगाचं नाव विचारतात, आई कशी आहे कुणीच विचारत नाही.

विचारलं फक्त माझ्या आईने, सांगलीहून. नागपंचमीला तवा न ठेवणारी बाई. मी सापांकडे नोकरी करते हे तिला पहिल्या वर्षी सांगितलंच नव्हतं. मग बेनिनमध्ये उइदाह गावी याच सापांचं देऊळ आहे हे सांगितलं, तेव्हा जरा निवळली. सव्वीस नंबरची गोष्ट ऐकून म्हणाली, "मागत होती ना? मग तू दिलंस त्यात काय चुकलं?" तेवढ्याने मला बरं वाटलं नाही.

यंदा तिला नर सोडायचा नाही, एवढं मी मालकाकडून कबूल करून घेतलंय. तिचं वजन एक हजार नऊशे ऐंशी झालंय. काल संध्याकाळी पुन्हा टबाच्या तोंडाशी नाक. मी सत्तर ग्रॅमचा उंदीर दिला, कार्डावर वजनासकट लिहिला. तिने तो गिळला आणि पाच मिनिटांत नाक पुन्हा बाहेर. मी थोडा वेळ चिमटा हातात धरून उभी राहिले, मग टब आत ढकलला.