एक नंबरचं टायमिंग चोख, तरी गाडी मिसिंग

उद्यमनगरात अँबॅसिडर आता क्वचित येते. ही आली ती टोचन लावून. आधीच्या गॅरेजात ठिणगीचं सामान, म्हणजे वायर सेट, कॉइल, कंडेन्सर, सीबी पॉइंट, सगळं नवं पडलेलं, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटरही खोलून झालेला. गाडीवाले सर पार वैतागलेले. "मिस्त्री, आता हेड उतरवायचं म्हणत्यात. दोन आन् तीनच्या मधी गॅस्केट गेलंय म्हणं."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालची सील. संशय बिनबुडाचा नव्हता. गाडी मिसिंग करत होती, म्हणजे काही सिलिंडर नीट पेटत नव्हते. इंजिन थाडथाड हलायचं, कार्बोरेटरमधनं फाटफाट आवाज. एक किंवा चारची वायर उपसली की इंजिन बसायचं. दोन-तीनची उपसली तर काही फरक नाही. शेजारचे दोन सिलिंडर मेले की कुणाच्याही डोक्यात आधी गॅस्केटच येतं. पण दोन-तीनच्या वायरी काढल्यावर फाटफाट मात्र थांबायची. तिथंच मी अडकलो. गेज लावून कॉम्प्रेशन बघितलं, चारही सारखे. ठिणगी वेळेवर पडते का ते दाखवणारा टायमिंग लाइट एक नंबरला लावला, तर पुलीची खूण बरोबर जागेवर.

मग डेल्कोचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पोराला स्टार्टरला टच द्यायला सांगितलं आणि आत फिरून करंट वाटणाऱ्या रोटरवर नजर ठेवली. ह्या १४८९ सीसी इंजिनाचा रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलटा फिरतो. सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२, वायरी तशाच होत्या, पण घड्याळाच्या दिशेनं मोजून बसवलेल्या. म्हणजे करंट जात होता १-२-४-३ असा.

चार नंबर झाकणात एकच्या बरोबर समोर येतो. कुठल्याही बाजूनं मोजा, ह्या दोघांची जागा बदलत नाही. अदलाबदल होते ती दोन-तीनची. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत रोटरची एक फेरी, म्हणून ह्या दोघांना करंट क्रँकच्या अख्ख्या एका फेरीनं चुकून मिळत होता. कॉम्प्रेशनच्या शेवटी पडायची ठिणगी एक्झॉस्ट संपून इनलेट व्हॉल्व्ह उघडताना पडत होती, आणि आग उघड्या वाटेनं थेट कार्बोरेटरकडं. त्यात ह्या हेडला एक-दोनमध्ये मिळून एकच इनलेट, तीन-चारमध्ये एक. त्यामुळं चांगले दोन सिलिंडरसुद्धा धड श्वास घेत नव्हते.

दोन आणि तीनची वायर झाकणात अदलून घातली. लगेच स्टार्ट, आणि आयडलिंगला बॉनेटवर हात ठेवला तरी हादरा नाही. सर म्हणाले, "मग हेड?" म्हटलं, "हेडला कुणाला हात लावू देऊ नका."

मला अजून डाचतंय ते लाइटचं. आधीच्या मिस्त्रीनंही तो एक नंबरलाच लावला असणार, आम्ही सगळे तिथंच लावतो, आणि एक नंबर खरंच बरोबर होता. अँबॅसिडर २०१४ ला बंद झाली, नव्या पोरांनी डेल्को पाहिलेलाही नसतो, त्यांना मी बोल लावणार नाही. पण तो मिस्त्री जुना. ज्या गाड्यांचा रोटर घड्याळाबरोबर फिरतो त्यांच्यावर त्याचा हात बसलेला असेल. तरी एवढे पार्ट गिऱ्हाइकाच्या बिलात घालण्याआधी झाकण काढून रोटर फिरताना बघायचा की नाही?

बहुतेक नवा वायर सेट टाकताना जुन्या चारही वायरी एकदम उपटल्या. एक काढायची, तिच्या जागी एक घालायची, एवढं केलं असतं तर ही गाडी माझ्याकडं आलीच नसती.