तुम्ही विचारलंत म्हणून: विमानाचं किट ट्रेलरवर घालून इंदूरला आणावं का?

मुंबईच्या बंदरात उतरलेलं विमानाचं किट, म्हणजे सुट्या भागांतून घरी विमान बांधायचा संच, आपल्याच गाडीमागे ट्रेलर लावून घरी आणावं का, असं इंदूरचे बरेच जण विचारतात. काहींनी दुसऱ्या कोणी अर्धवट सोडलेलं विमान घेतलेलं असतं आणि त्याचे पंख नि धड आणायचं असतं. प्रश्न तोच. माझं उत्तर असं आहे: नवं, पेटीबंद किट ट्रकनेच आणा. सुटे पंख आणि धड मात्र ट्रेलरवर किंवा बंद आयशरमध्ये, स्वतः बांधून आणि स्वतः सोबत राहून आणा.

माल चढवताना लसूडियाच्या ट्रक-अड्ड्यावरचा कुठलाही उस्ताद एक वाक्य हमखास म्हणतो, "हल्का माल है साहब, कुछ नहीं होगा." तो वजनावरून बोलतो. लोखंड, सोयाबीन, सिमेंट वाहणाऱ्याला वजनाचीच भीती असते. विमानाचे भाग हलके असतात आणि हलके असतात म्हणूनच रस्त्यावर खराब होतात. दोन माणसांच्या छोट्या ॲल्युमिनियम विमानाचा एक पंख साधारण तीस-चाळीस किलोचा असतो. त्याच्या पत्र्याची जाडी ०.४ ते ०.६ मिलिमीटर. त्याला बिघडवणाऱ्या गोष्टी तीन: उसळी, घासणी आणि वारा.

उसळी आधी घेतो, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे टनभर मालासाठी घातलेले असतात. त्यावर दीडशे किलोचा माल ठेवला की पाटे दबतच नाहीत, आणि प्रत्येक स्पीड ब्रेकरला हौद्यातला माल जमीन सोडतो. रिकामी लोडिंग गाडी राजवाड्याच्या गल्लीतून कशी खडखडत जाते ते आठवा, तोच खडखडाट सहाशे किलोमीटर पंखाला बसतो. उपाय सोपा आहे: गाडीतच वजन वाढवा. वाळूच्या चाळीस-चाळीस किलोच्या आठ-दहा गोण्या मागच्या ॲक्सलच्या वर, हौद्याच्या तळाला पसरून बांधा, म्हणजे पाटे काम करायला लागतात. टायरमधली हवा पूर्ण लोडची ठेवू नका, कमी लोडसाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेली ठेवा. गोण्या प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशव्यांत घाला. फाटक्या गोणीतली वाळू पत्र्याखाली गेली तर सँडपेपरवर पत्रा ठेवल्यासारखंच होतं. आणि कृपा करून फोमची गादी अंथरू नका. फोम दबतो आणि परत फेकतो. जुना सतरंजीसारखा गालिचा, रबरी मॅट, घडी घातलेली स्वच्छ गोधडी चालते. गोधडी आधी झटका. तिच्यातला एक खडा पुरतो.

घासणीचं तर डोळ्यांना दिसतं. पेटी उघडल्यावर दोन पत्र्यांच्या मध्ये काळपट भुकटी आणि करड्या डागांची नक्षी सापडते. पत्रे गंजले म्हणून लोक घाबरतात. ती भुकटी ॲल्युमिनियमचीच असते. दोन पत्रे सैल राहिले, हादऱ्याने एकमेकांवर केसभर हलत राहिले, वरचा थर खरवडला गेला आणि त्याचं ऑक्साइड झालं. विमानाला वापरतात त्या २०२४-टी३ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यालाच अल्क्लॅड म्हणतात. गंजापासून वाचवणारा थर तोच. पत्रा जितका पातळ, तितका हा थरही पातळ, म्हणून खोल ओरखडा आत पोचला की तिथून गंज धरतो. त्यामुळे पत्र्यांच्या मध्ये स्वच्छ, कोरडा कागद हवा आणि गठ्ठा घट्ट दाबलेला हवा. सैल ठेवलेले मऊ कापड घट्ट बांधलेल्या कागदापेक्षा वाईट.

आता वारा. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणारा वारा एका चौरस मीटरवर साधारण तीस किलोचा दाब टाकतो. चार बाय आठ फुटांचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा वजनाला चार किलो, पण दोर सुटून तो वाऱ्यासमोर उभा राहिला तर त्यावर नव्वद किलोचा जोर येतो. या वर्गातली बहुतेक विमानं महामार्गाच्याच वेगाला जमीन सोडतात, हे लक्षात ठेवा. पंख उडण्यासाठीच बनवलेला आहे. उघड्या ट्रेलरवर तो आडवा पसरून ठेवला तर शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या झोताने उचलला जातो.

नव्या किटची पेटी येते तेव्हा यातलं बरंचसं काम कंपनीनेच केलेलं असतं. तुमचं काम ते बिघडू न देण्याचं. लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, गव्हाच्या कणसासारखा शिक्का आहे का, हे निघण्याआधी फोटोत मागून घ्या. शिक्क्यातलं एचटी म्हणजे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. शिक्का नसलेली पेटी बंदरात अडकते आणि उघड्यावर पडून राहते. ऑर्डर देतानाच क्लिअरिंग एजंटाला विचारा की माल सील तसंच ठेवून पीथमपूरच्या कंटेनर डेपोपर्यंत येईल का. आला तर कस्टमची तपासणी इथेच होते आणि घाट उतरण-चढण, मधली चढ-उतार सगळी कंटेनरच्या आत राहते. मला हाच मार्ग सगळ्यांत आवडतो, थोडे जास्त दिवस लागले तरी.

बंदरातून थेट ट्रक केला तर गाडी फक्त तुमच्या मालाची असू द्या, पार्ट लोड नको. पार्ट लोडमध्ये भिवंडीला एकदा, धुळ्याला एकदा आणि लसूडियात एकदा अशी पेटी तीन वेळा उतरते, आणि पेट्या मोडतात त्या रस्त्यावर कमी, चढवता-उतरवताना जास्त. लांब पेटी फोर्कलिफ्टच्या आखूड काट्यांवर मधोमध उचलली की दोन्ही टोकं खाली वाकतात. काटा तळाची फळी फोडून आत घुसतो आणि तिथे बहुतेक वेळा स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य कणा, असतो. बारा-चौदा फुटी पेटीला सहा-आठ हमाल किंवा हायड्रा क्रेनला दोन रुंद पट्टे, हे आधी ठरवून ठेवा. तार किंवा साखळी लावू देऊ नका.

रस्त्याचं सांगायचं तर मुंबईहून इंदूरला येताना कसारा, सेंधव्याआधीचा बिजासन आणि खलघाटाला नर्मदा ओलांडल्यावर मानपूरची चढण, हे सगळे घाट चढणीचे आहेत. माल मागे सरकतो. लोक पेटी पुढच्या केबिनला टेकवून पुढूनच बांधतात आणि मागच्या फाळक्याकडे फूट-दोन फूट मोकळे सोडतात. तिथे लाकडी ठोकळे ठोकून जागा भरा. ब्रेक दाबला की पुढे आणि चढणीला मागे, दोन्हीकडे अडवण हवी.

कागदांचं थोडक्यात. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने असते. गाडी घाटात बंद पडली तर मुदत संपायच्या आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या माल-पावतीवर, 'मालकाच्या जोखमीवर' असं आधीच छापलेलं असतं, म्हणून ट्रान्झिट विमा वेगळा काढा. पेटी उतरल्यावर सही करण्यापूर्वी चारी बाजूंचे आणि तळाचे फोटो घ्या, आणि कोपरा दबलेला असेल तर बिल्टीवरच 'पेटी दबलेली मिळाली' असं लिहा. नंतर पाठवलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.

आता ट्रेलरचं, कारण प्रश्न तोच होता. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची वेगळी नोंदणी आणि नंबर लागतो. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली, नंबर नसलेली गाडी महामार्गावर काढू नका. पंखाचं टोक हौद्याबाहेर लाल फडकं बांधून काढायची सवयही सोडा: गाडीच्या बॉडीबाहेर आलेल्या मालाला आता २०,००० रुपये दंड आहे आणि माल जागेवरच उतरवायला लावतात. पंख चार मीटरचा असेल तर ट्रेलरचा हौदा साडेचार मीटरचा हवा. नसेल तर बंद बॉडीची १७ फुटी आयशर भाड्याने घ्या. भाडं जास्त वाटेल, पण वाऱ्याचा आणि पावसाचा प्रश्नच मिटतो. ट्रेलर लावलाच तर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या हुकवर आला पाहिजे. माल मागे झाला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि वेगाबरोबर ते डोलणं वाढतं.

पंख झोपवून ठेवायचा नाही. तो पुढच्या जाड कडेवर उभा करायचा, मागची पातळ कड वर. पुढची कड गोल आणि मजबूत असते, मागची कड बोटाच्या दाबानेही वाकते. आधी फ्लॅप आणि एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेचे हलते भाग, काढून वेगळे गुंडाळा. राहू दिले तर बिजागरीवर आपटत राहतात. मग दोन लाकडी घोडे बनवा: दोन बाय चार इंची लाकूड, वर दोन उभे खांब, मध्ये गालिच्याची किंवा जुन्या सीट बेल्टची झोळी, पंखाची पुढची कड झोळीत बसेल इतकी खोल. घोडे कुठे लावायचे हे महत्त्वाचं: पंखाच्या आतल्या रिबच्या, म्हणजे बरगडीच्या, बरोबर खाली. रिव्हेटची उभी ओळ दिसते तीच रिब. दोन ओळींच्या मधल्या पत्र्यावर भार दिला तर तो पत्र्याच्या डब्यासारखा टक् करून आत जातो आणि तसाच राहतो. पंखाच्या मुळाकडून एक चतुर्थांश आणि टोकाकडून एक चतुर्थांश अंतराच्या जवळची रिब निवडा. स्पारच्या बोल्टच्या भोकांत लाकडी खुंटी घालून ती घोड्याला बांधा. पंख पुढे-मागे सरकायचा थांबतो तो इथे.

पट्टे रॅचेटचे घ्या, नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाऊन सैल पडते. पण रॅचेटच्या दांड्याने दोन-तीनशे किलोचा ताण सहज बसतो, म्हणून पत्र्यावर पट्टा थेट आवळू नका. पट्टा रिबच्या ओळीवरूनच न्या, खाली गालिचा ठेवा, हाताने हलवून बघितल्यावर हलणार नाही इतकाच ताण द्या. पट्ट्याला मध्ये एक अर्धा पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात गुणगुणतो आणि ते थरथरणं रिव्हेटपर्यंत जातं. पीळ दिला की आवाज बंद. पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा बघा, त्यानंतर दर दोन तासांनी.

धड नेताना रडर आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीचे हलते भाग, काढलेले हवेत, कारण शेपटी पुढे ठेवली तर उलटा वारा त्यांना आपटतो. कॅनॉपीच्या, म्हणजे बसायच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाच्या, ॲक्रेलिकवर बबल रॅप लावून मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका, त्याचे गोल ठसे उमटतात. मऊ सुती कापड, मग जाड कापड, मग पेटी. ताडपत्री पत्र्याला किंवा रंगाला टेकू देऊ नका. फडफडणारी ताडपत्री शंभर किलोमीटरमध्ये रंग घासून काढते. ती वर कमान करून ताणायची. फायबरग्लासचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काळ्या ताडपत्रीखाली तापलं तर आकार सोडतं, म्हणून त्याच्या तोंडात लाकडी पट्टी आडवी अडकवून ठेवा. पावसाळ्यात शक्यतो आणूच नका. आणलं तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद केलेले पत्रे लगेच उघडू नका, एक दिवस पेटीबंदच घराच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडून मधले ओले कागद त्याच दिवशी काढा. दोन पत्र्यांमध्ये अडकलेलं पाणी पांढरे डाग पाडतं आणि ते सहज जात नाहीत.

घर गाठणं हा शेवटचा आणि दुर्लक्षित टप्पा. जड गाड्यांना दिवसा शहरात येऊ देत नाहीत, म्हणून पेटी बायपासवर छोट्या गाडीत बदलावी लागते. रामबाग, नारायणबागेच्या जुन्या वाड्यांकडे जाणाऱ्या गल्लीत चौदा फुटी पेटी वळेल की नाही, हे अंदाजाने सांगता येत नाही. तेवढ्याच लांबीचा बांबू घ्या, त्याला दोन्ही टोकांना पेटीच्या रुंदीच्या आडव्या काठ्या बांधा आणि दोघांनी तो रस्त्यापासून कामाच्या जागेपर्यंत चालत नेऊन बघा. जिन्यातही. आणि मग तसाच परत बाहेर आणा, कारण उद्या पूर्ण झालेला पंख त्याच वाटेने जाणार आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. त्यासाठी ते गच्चीवरून खाली आणावं लागलं. गच्ची निवडणाऱ्याने उतरवण्याचा हिशेब पहिल्या दिवशीच मांडायचा असतो.

पेटी पहारीने उचकटू नका, स्क्रू काढा, आणि ड्रिल लागलंच तर त्याच्या टोकाला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, झाकणाच्या लगेच खाली पत्रा असतो. काही पत्रे गुंडाळी करून येतात. पट्टी कापताच ते चाबकासारखे उघडतात, म्हणून जाड हातमोजे घाला आणि दोघांनी धरा. मग पॅकिंग लिस्ट घेऊन मोजा. ओरखड्यावरून नख फिरवा: नख अडलं नाही तर काळजी नाही, अडलं तर फोटो काढून, मोजून कंपनीला विचारा. स्पारच्या कडेला बारीकशी खाच जरी असली तरी स्वतः घासायला बसू नका. तिथून तडा सुरू होतो, निर्णय कंपनीलाच देऊ द्या. आणि भागांवर नंबर टाकताना पेन्सिल वापरू नका. ग्राफाइट ॲल्युमिनियमवर गंज धरवतं. बारीक टोकाचा मार्कर घ्या.