टोंगा: राजा स्वतःचा, परराष्ट्र खातं इंग्रजांचं

फिजीतल्या नांदीहून निघालेलं विमान टोंगाच्या फुआआमोतू विमानतळावर उतरलं की देश बदलल्याचं आधी कानांना कळतं. फिजीत टॅक्सीवाल्याशी, दुकानदाराशी बिनधास्त हिंदीत बोलता येतं. उसाच्या मळ्यांसाठी १८७९ पासून जहाजं भरभरून नेलेल्या गिरमिटियांची ती पतवंडं. टोंगात तो सूर ऐकूच येत नाही. फिजी इंग्रजांची वसाहत होती. टोंगा १९०० ते १९७० त्यांचं 'संरक्षित राज्य' होतं, पण वसाहत कधीच नव्हतं.

राजधानी नुकुआलोफात फिरायला सुरुवात राजवाड्यापासून करावी. समुद्राकाठी उभी असलेली पांढरी, लाकडी, लाल छपराची वास्तू. १८६७ साली तिचे भाग न्यूझीलंडमध्ये तयार करून इथे आणून जोडले. आत सोडत नाहीत, कुंपणाबाहेरून बघायचं. आपल्याकडचे संस्थानिकांचे वाडे पाहिलेल्या माणसाला हा अगदीच साधा वाटेल. पण इंग्रजांच्या सत्तर वर्षांत इथे राहणारा राजा राजाच राहिला. गव्हर्नर कधी आला नाही. आला तो वकील, म्हणजे कॉन्सल.

झालं असं, की १८९९ साली युरोपीय सत्तांनी आपसांत वाटणी केली. पश्चिम सामोआ जर्मनीकडे गेलं, बदल्यात जर्मनीने टोंगावरचा दावा सोडला. मग इंग्रजांचा प्रतिनिधी बेसिल थॉमसन तहाचा मसुदा घेऊन इथे आला. राजा जॉर्ज तुपौ दुसरा राजी नव्हता. बरीच ओढाताण झाली आणि १८ मे १९०० रोजी मैत्रीचा तह झाला: परराष्ट्र व्यवहार इंग्रजांकडे, बाहेरच्या हल्ल्यापासून रक्षण इंग्रजांचं, घरचा कारभार टोंगाचा. मैत्री किती, ते १९०५ मध्ये दिसलं. राज्य खालसा करण्याची धमकी देऊन राजाकडून पुरवणी करारावर सही घेतली. महत्त्वाच्या बाबतीत, पैशाच्या सुद्धा, कॉन्सलचा सल्ला घ्यायचा. रेसिडेंट नावाचं प्रकरण ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना 'सल्ला' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

तरीही या लोकांनी एक गोष्ट हातची सोडली नाही, ती म्हणजे जमीन. १८७५ च्या राज्यघटनेने जमीन विकायला सक्त मनाई केली. पुढे कायदा झाला, की सोळा वर्षांच्या प्रत्येक टोंगन पुरुषाला शेतीसाठी सव्वाआठ एकर मिळावी. (बायकांना नाही. आणि पुरुषांनाही आता पुरेशी जमीन उरलेली नाही.) शहराबाहेर पडलं की नारळाखाली रताळी, कसावा, तारो लावलेले तुकडेच तुकडे दिसतात. मैलोगणती पसरलेले गोऱ्यांचे मळे इथे का उभे राहिले नाहीत, त्याचं बरंचसं उत्तर या तुकड्यांत आहे.

मालाए कुला ही राजघराण्याची दफनभूमी, शहराच्या मध्यावरच. तीही बाहेरून बघायची. इथे सालोटे राणी आहे, आणि मला या सगळ्या इतिहासात खरा रस तिच्यात. जन्म मार्च १९०० चा, म्हणजे तहाच्या दोन महिने आधीचा. अठराव्या वर्षी गादीवर बसली, त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत माणसं पटापट गेली. १९६५ मध्ये वारली तोवर तीच राणी. उंची सव्वासहा फूट. २ जून १९५३ रोजी लंडनला एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची मिरवणूक निघाली आणि पाऊस कोसळला. बाकीच्यांनी गाड्यांचे टप ओढून घेतले, ही उघड्या गाडीत भिजत, हसत, हात हलवत गेली. एलिझाबेथ बंद गाडीत होती, आणि ज्याचा मान करायचा त्याची बरोबरी करायची नाही, ही टोंगाची रीत. शेजारी बसलेला मलायातल्या केलांतानचा सुलतानही नाइलाजाने चिंब. लंडनकरांनी तिला डोक्यावर घेतलं. माझ्या मते कॉन्सलशी वर्षानुवर्षं घातलेल्या वादांपेक्षा त्या एका पावसाने टोंगाची पत जास्त वाढवली.

तालामाहू बाजारात बायका ताओवाला विकायला बसतात. केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं सुकवून, चिरून विणलेली ही चटई कमरेला गुंडाळून दोरीने बांधायची. बँकेतला कारकूनसुद्धा काळ्या लुंगीवर ती बांधून काउंटरला बसतो. विणीवरून बोट फिरवलं तर कापडासारखी मऊ लागते. जुनी, कडा विरलेली, आजीकडून आलेली असेल तर तिचा मान नव्या चटईपेक्षा मोठा.

१९५८ च्या नव्या तहाने कॉन्सलचा हात सैल झाला आणि ४ जून १९७० रोजी संरक्षण संपलं. तारीखही नेमकी निवडली: १८६२ मध्ये याच दिवशी पहिल्या तुपौने सामान्य रयतेला सरदारांच्या वेठीतून मोकळं केलं होतं.

आज गल्लोगल्ली किराणा दुकानं दिसतात ती बहुतेक चिनी कुटुंबांची. २००६ च्या दंगलीत शहराचा मध्यभाग जळाला, तो पुन्हा उभारायला कर्ज चीनकडूनच आलं. त्याच वर्षी ब्रिटनने इथलं उच्चायुक्तालय बंद केलं आणि २०२० मध्ये परत उघडलं. का, ते ओळखायला फार हुशारी लागत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या चिनी बाईलाही मात्र दुकानाखालची जमीन भाडेपट्ट्यानेच घ्यावी लागते. विकत ती इथे टोंगनालाही मिळत नाही.