मांजर पाण्यात पडत नाही का?

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे राहायच्या लांब अरुंद बोटीत, मांजर दिसलं की लोकांचा हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पडतं. मांजराला पोहता येतं, पंचाईत होते ती वर चढताना. बोटीची बाजू रंगवलेल्या गुळगुळीत पोलादाची, आणि काठालाही बऱ्याच ठिकाणी उभे पोलादी पत्रे ठोकलेले. नखं रुतणार कशात?

म्हणून बोट बांधली की पाण्याकडच्या आणि काठाकडच्या अशा दोन्ही अंगांनी जुन्या गालिच्याची पट्टी किंवा जाड दोराचं जाळं सोडायचं. खालचं टोक फूटभर पाण्यात बुडालेलं हवं, वरचं छताच्या कठड्याला पक्कं बांधलेलं. भिजलेला गालिचा जड होतो आणि ढिली गाठ सुटते. निघताना तो आठवणीने वर घ्या. प्रोपेलरला गुंडाळला तर इंजिन बंद करून, वीड हॅच, म्हणजे प्रोपेलरवरचं झाकण, उघडून, गार पाण्यात हात घालून कापत बसावं लागतं.

लाइफ जॅकेट चालत्या बोटीवर ठीक. पाठीवरच्या पट्ट्याला धरून उचलता येतं. झुडपांत एकटं भटकणाऱ्या मांजराला मात्र ते घालू नका, फांदीत अडकतं. गळपट्टा घालायचाच तर ओढ बसताच सुटणारा.

खरा धोका लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदात. बोट साधारण 6 फूट 10 इंच रुंद, अरुंद लॉक जेमतेम 7 फुटांचं. त्या फटीत पडलेल्या मांजराला बोट भिंतीशी चिरडू शकते. खाली उतरताना तर तुमचं सगळं लक्ष वरच्या दारापाशी असलेल्या सिलवर, म्हणजे काँक्रीटच्या पायरीवर हवं. बोटीची मागची बाजू तिच्यावर टेकली की बोट तिरपी होऊन बुडते. तेव्हा मांजर आत, दारं-खिडक्या बंद. बोगद्यातही तेच.

कायमची जागा नसलेल्या बोटीला 1995 च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सहसा 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. निघायची वेळ मात्र मांजर ठरवतं! रात्रीचं जेवण रोज ठरल्या वेळी द्या, ते आत आलं की दार लावा आणि सकाळी दार न उघडताच निघा. मांजर बाहेर असताना बोट हलवलीत तर ते जुन्या जागी परतून रिकामा काठ हुंगत बसेल. इंग्लंडमध्ये जून 2024 पासून 20 आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप बंधनकारक आहे; नोंदीत चालू मोबाइल नंबर हवा, कारण तुमचा पत्ताच फिरता.

इंजिनाखाली सांडलेलं अँटीफ्रीझ, म्हणजे इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव, लगेच पुसा. त्यात इथिलीन ग्लायकॉल असेल तर पंजावरचं चाटूनही मूत्रपिंडं निकामी होतात.

उन्हाळ्यात डकवीड या तरंगत्या पाणवनस्पतीची बारीक पानं सगळं पाणी झाकतात आणि मांजराला ती हिरवळ वाटते. हिवाळ्यात पातळ बर्फाचंही तसंच. अशा दिवसांत गालिच्याच्या दोन पट्ट्या जास्त सोडा.