साध्या कपड्यातल्या मॅडम

भांडुपच्या आमच्या चाळीतल्या नऊ वर्षांच्या मुलीचा जबाब तिच्या घरीच घेतला. मी शेजारी होते. सब-इन्स्पेक्टर मॅडम पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. जबाब घेताना गणवेश नको, असं २०१२च्या पॉक्सो कायद्यातच, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातच आहे. पोर गप्प. फ्रॉकची उसवलेली शिवण ओढत बसली. मॅडम फरशीवर तिच्याजवळ बसल्या, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

डिसेंबर २०२१मध्ये आपल्या विधिमंडळाने बायका-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक मंजूर केलं. त्यात फाशीही होती. ते अमलात आलंच नाही. मला मात्र फाशीपेक्षा तारखांची काळजी वाटते. शक्यतो वर्षभरात खटला संपवावा, असं पॉक्सो सांगतो. इथे दोन वर्षं उलटली. परवा तिने विचारलं, "मावशी, परत सगळं सांगायला लागेल का?"